घरच्या लाकडाची गिटार

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, दात्यांचे स्मरण आणि गुणी विद्यार्थ्यांचे कौतुक असणार, हे उघडच आहे. त्यांच्या पंगतीत विजेवर वाजणाऱ्या गिटारविषयीचा लेख पाहून काही ज्येष्ठ सभासद कपाळाला आठ्या घालतील, याची मला कल्पना आहे. परंतु हा विषय वाटतो तितका परका नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी गिटारचा हट्ट धरून बसलेली असते, आणि वडीलधारी माणसे ‘आधी अभ्यास, मग छंद’ असे बजावून तो हट्ट मोडून काढीत असतात. आमच्या घरीही तेच झाले. नातू अकरावीत, त्याला गिटार हवी. त्याचे वडील म्हणजे माझे चिरंजीव ठाम विरुद्ध. या वादात मला एका इंग्रज बापलेकांची हकीकत उपयोगी पडली. त्या दोघांनी १९६३ सालापासून सुमारे दोन वर्षे खपून घरातल्या मोडक्यातोडक्या वस्तूंतून एक गिटार तयार केली आणि पुढे ती जगभर वाजली. ती हकीकत, त्या वाद्यामागील शास्त्र, आणि आपल्या घरी त्यातले काय करता येईल, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वाद्य बोलते कसे?

सतारीची तार छेडली की तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, भोपळ्यातली हवा डोलू लागते आणि आपल्याला नाद ऐकू येतो. म्हणूनच मिरजेचे कारागीर भोपळा आणि लाकूड पारखून घेण्यात एवढा जीव ओततात. नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून वाजविली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट पोचत नाही.

विजेच्या गिटारमध्ये भोपळ्याचे काम निराळ्या रीतीने होते. तारांच्या खाली लोहचुंबक बसविलेला असतो व त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. या जोडणीला पिकअप म्हणतात. चुंबकाच्या सान्निध्यात वरची पोलादी तार स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांमधील चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. सायकलचा डायनॅमोही त्याच तत्त्वावर चालतो. तार सेकंदाला ११० वेळा कंप पावली, तर वीजही सेकंदाला ११० वेळा उलटसुलट होते. ही वीज अगदी क्षीण, व्होल्टच्या एखाद्या दशांशाच्या आसपास असते. ती अँप्लिफायरने वाढवून लाउडस्पीकरला दिली की तोच स्वर दिवाणखाना भरून टाकतो.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. पिकअपला आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. सतारीची बाजाची पोलादी तार त्याच्यावर चांगली बोलेल, पण पितळेची तार जवळजवळ मुकी राहील. गिटारसाठी तारा घेताना दुकानदाराला ‘इलेक्ट्रिक गिटारच्या’ असे स्पष्ट सांगावे लागते ते याकरिता. साध्या गिटारच्या जाड तारांवर बहुधा काशाचे वेष्टण असते आणि ते येथे कुचकामाचे ठरते.

दुसरी गोष्ट अशी की, आवाज पोकळीने वाढवावयाचा नसल्यामुळे वाद्य पोकळ असलेच पाहिजे असे राहत नाही. अमेरिकेतील वादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी पाइनच्या तुळईवर तारा आणि पिकअप चढवून वाद्य केले. लोक त्याला ‘लॉग’, म्हणजे ओंडकाच, म्हणत. घरी वाद्य करू पाहणाऱ्या हौशी माणसाला ही मोठीच सवलत आहे. सतारीचा भोपळा किंवा व्हायोलिनची पाठ घडविण्यास पिढ्यांचे कसब लागते. सपाट फळी कापण्यास धीर आणि चांगली करवत पुरते.

एका बापलेकांचा उद्योग

लंडनच्या पश्चिमेस मिडलसेक्स परगण्यात ब्रायन मे नावाचा एक मुलगा राहत होता. जन्म १९४७ चा. घर मध्यम परिस्थितीचे. वडील हॅरल्ड मे हे सरकारी विमानखात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे आरेखक होते आणि घरातली उपकरणे स्वतःच्या हातांनी करण्याची त्यांना हौस होती. तंतुवाद्यावरचे पहिले धडे मुलाला त्यांनीच दिले. ब्रायनला सातव्या वाढदिवशी साधी गिटार मिळाली होती. पुढे त्याने चुंबक व तांब्याची तार घेऊन तिच्यावर पिकअप बसविला आणि वडिलांनी केलेल्या रेडिओला जोडून ती वाजवून पाहिली. मात्र त्याला हवी होती ती फेंडर किंवा गिब्सन कंपनीची विजेची गिटार, आणि तिची किंमत या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा १९६३ च्या ऑगस्टमध्ये, ब्रायन सोळा वर्षांचा असताना, दोघांनी ठरविले की गिटार घरीच करावयाची. घरातली एक जादा खोली त्यांचा कारखाना झाली.

सामान कोठून आले ते पाहण्याजोगे आहे. दांडीसाठी जुन्या शेगडीभोवतालच्या चौकटीचे महोगनी लाकूड मिळाले. त्याला किडीची भोके होती. ती ब्रायनने आगपेटीच्या काड्या ठोकून बुजविली. अंगासाठी एका जुन्या टेबलाचे ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड वापरला व त्यावर महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटविला. बोटांना जागा कळावी म्हणून पडद्यांच्या मधोमध ठिपके बसवितात, ते आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांपासून केले. साऱ्याला सुमारे आठ पौंड खर्च आला, असे मे पुढे सांगत असत.

परंतु ही केवळ काटकसरीची कथा नव्हे. जेथे अचूकपणा हवा तेथे या दोघांनी कारखान्यालाही मागे टाकील असे काम केले. गिटारला एक दांडा असतो. तो दाबला की साऱ्या तारा एकदम सैल होतात आणि स्वर खाली घसरतो. दांडा सोडल्यावर तारा नेमक्या मूळ सुरावर परत आल्या पाहिजेत, आणि त्या काळच्या विकतच्या वाद्यांतही हे नीट साधत नसे. घर्षण हेच त्याचे कारण. सोनाराच्या काट्याची दांडी जशी एका धारेवर टेकलेली असते आणि गुंजभर वजनालाही हलते, तशीच युक्ती मे पितापुत्रांनी येथे केली. तारांची मुळे धरणारी पोलादी पट्टी त्यांनी सुरीसारख्या धारेवर तोलली. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा. सहा तारांचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्प्रिंगा किती दणकट हव्यात ते समजेल. त्या एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या होत्या. घोडीवर तार घासू नये म्हणून प्रत्येक तारेखाली छोटा पोलादी रूळ घरीच घडवून बसविला. दाबावयाचा दांडा सायकलच्या पिशवीच्या आधारकाडीचा, आणि त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे!

पिकअपही प्रथम घरीच केले. वेढे घालण्यासाठी यंत्र तयार केले आणि फेरे मोजण्याचीही त्यात सोय केली. ते पिकअप वाजले चांगले. पण तार बोटाने आडवी ओढून मींड घेतली की खरखर येई. चुंबकांच्या ध्रुवांची मांडणी त्याला कारण होती. तेव्हा हट्ट न धरता ब्रायनने बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. तेही जसेच्या तसे बसविले नाहीत. वेढे सैल असले तर ते स्वतःच थरथरतात आणि मोठ्या आवाजात शिट्टी घालतात. म्हणून ते अॅरल्डाइटमध्ये घट्ट बसविले. प्रत्येक पिकअपला दोन बटणे दिली : एक चालूबंद करण्याचे आणि दुसरे विजेची दिशा उलटविण्याचे. दोन पिकअपांच्या दिशा परस्परविरुद्ध ठेवल्या की दोघांत समान असलेला स्वरांश एकमेकांस खाऊन टाकतो आणि आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा होतो. एकाच वाद्यातून सनईचा आणि सारंगीचा भास व्हावा, इतके वैचित्र्य या सहा बटणांनी आले.

पडद्यांचे गणित

सतारीचे पडदे रागाप्रमाणे सरकविता येतात, गिटारचे ठोकून पक्के बसविलेले असतात. म्हणून चूक झाली तर ती जन्माची सोबतीण होते.

नियम सोपा आहे. तार निम्मी केली की स्वर दुप्पट उंच होतो, म्हणजे मध्य षड्जाचा तार षड्ज. या अंतरात बारा सारख्या पायऱ्या बसवावयाच्या. प्रत्येक पायरीला कंपनसंख्या १.०५९४६ पटीने वाढली पाहिजे. हा आकडा बारा वेळा स्वतःशी गुणला की बरोबर दोन येतात. व्यवहारात असे करतात : वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत जी लांबी असेल तिला १७.८१७ ने भागावे. तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागावे, तो दुसरा. मे यांच्या गिटारची तार २४ इंच धरली होती. म्हणजे पहिला पडदा वरून १.३४७ इंचांवर, दुसरा २.६१८ इंचांवर, तिसरा ३.८१८ इंचांवर, बारावा नेमका १२ इंचांवर, आणि चोविसावा १८ इंचांवर, म्हणजे घोडीपासून ६ इंचांवर येतो.

जुने कारागीर सोयीसाठी १७.८१७ ऐवजी १८ ने भागत. फरक क्षुल्लक वाटतो, पण बाराव्या पडद्यापर्यंत तो दोन मिलिमीटरांहून अधिक होतो. तयार कानाला तेवढे पुरे आहे.

आमची पहिली फळी वाया गेली ती मात्र भागाकाराने नव्हे. नातवाने गणित बरोबर केले होते. मी पट्टी घेऊन पहिल्या पडद्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असे मोजीत गेलो. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक झाली आणि ती साठत गेली. बारावा पडदा चांगला दीड मिलिमीटर खाली उतरला. सगळी अंतरे वरच्या पट्टीपासूनच मोजावयाची असतात, ही गोष्ट मी पन्नास वर्षे हिशेब लिहूनही विसरलो. नातू काही बोलला नाही. त्याने दुसरी फळी आणून माझ्यापुढे ठेवली.

आपल्या घरी करावयाचे तर

हौस असलेल्या कुटुंबाने प्रथम एक गोष्ट ठरवावी : काय करावयाचे आणि काय विकत घ्यावयाचे. तारा, खुंट्या, पडद्यांची धातूची पट्टी आणि आवाज कमीजास्त करणारे बटण विकत घ्यावे. अंग, दांडी आणि धीर असल्यास पिकअप घरी करावा.

लाकूड जुने घ्यावे. पाडलेल्या घरांचे सागवानी दरवाजे, पलंगाच्या शिसवी पट्ट्या जुन्या बाजारात मिळतात. अनेक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले लाकूड आता वाकावयाचे राहिलेले नसते. वखारीतून आणलेले ओले लाकूड तारांच्या ताणाने धनुष्यासारखे होते. दांडीच्या पोटात पोलादी सळई घालतात ती या ताणाला उत्तर देण्यासाठीच. चिकटविण्यापूर्वी दोन्ही पृष्ठे गुण्यात घासून घ्यावीत, आणि शिकंजा किमान एक रात्र काढू नये. दांडी अंगाला जोडण्यापूर्वी दोऱ्याने मध्यरेषा आखून ती घोडीच्या मध्यावर येते की नाही ते पाहावे. येथे केसभर तिरकेपणा राहिला तर कडेची तार पडद्यांवरून खाली घसरते.

पिकअपसाठी ४२ गेजची इनॅमल चढविलेली तांब्याची तार लागते. साधारण पाच ते आठ हजार फेरे घालावे लागतात. ती इतकी नाजूक असते की जरा ओढ बसली की तुटते. मधूनमधून मीटरने रोध मोजावा. काटा हललाच नाही तर तार तुटली, असे समजावे. वेढे पूर्ण झाले की ते पातळ केलेल्या मेणात बुडवून घट्ट करावेत. मेण थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे, आणि हे काम मोठ्या माणसाने करावे.

एक इशारा आवश्यक आहे. अँप्लिफायर म्हणून जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यातील कंडेन्सर बटण बंद केल्यानंतरही कितीतरी वेळ जीवघेणी वीज धरून ठेवतात. गिटार वाजविणाऱ्याचे दोन्ही हात पोलादी तारांवर असतात, हे विसरू नये. नवशिक्याने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायरच करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. ब्रायन मे यांचे सहकारी जॉन डीकन यांनी कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या एका सर्किटपासून असाच बॅटरीचा छोटा अँप्लिफायर केला होता आणि त्यांच्या वृंदाच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत त्याचा आवाज आहे.

पुढे काय झाले

गिटार झाली, तिला लालसर रंगामुळे ‘रेड स्पेशल’ हे नाव पडले. ब्रायन मे पदार्थविज्ञान शिकून पदवीधर झाले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात सूर्यमालेतील धुळीवर संशोधन करू लागले. १९७० साली त्यांनी मित्रांसह ‘क्वीन’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यातील गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फरोख बलसारा, हे पारशी. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तेथेच त्यांनी मुलांचा पहिला वाद्यवृंद जमविला. लवकरच वृंदाचा व्याप एवढा वाढला की संशोधन अर्धवट टाकून ब्रायन पूर्णवेळ संगीताकडे वळले.

येथे या कथेतील अवघड प्रसंग येतो. ज्या वडिलांनी रात्री जागून ती गिटार घडविण्यास हात दिला, त्यांनाच मुलाचा हा निर्णय पटला नाही. इतके शिकून हातातली विद्या सोडावी, हे त्यांना सहन झाले नाही. दोघांमध्ये बराच काळ अबोला राहिला. मुलाच्या हाती आपणच दिलेले वाद्य त्याला आपल्यापासून दूर नेत आहे, असे त्या बापास वाटले असल्यास नवल नाही. पुढे ब्रायन यांनी आईवडिलांना काँकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले. त्या विमानाच्या उपकरणांसाठी हॅरल्ड यांनी नोकरीत काम केले होते, पण त्यात बसण्याइतका पैसा त्यांच्यापाशी कधी नव्हता. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या भरगच्च सभागृहात त्यांनी मुलाला वाजविताना ऐकले, आणि आता मला समजले, अशी कबुली दिली.

वडिलांची बाजू अगदीच चुकीची होती, असेही नाही. सोडलेले संशोधन ब्रायन मे यांनी तीस वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा हाती घेतले आणि २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळविली. म्हणजे ‘अभ्यास’ आणि ‘छंद’ यांचे भांडण आपण समजतो तेवढे खरे नसते. पडद्यांचे गणित, धारेवर तोललेली पट्टी, फेरे मोजणारे यंत्र, हा अभ्यासच होता, मात्र त्याला परीक्षा नव्हती.

ज्या वर्षी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीस पन्नास वर्षे झाली, त्या २००२ साली ३ जून रोजी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून ब्रायन मे यांनी राष्ट्रगीताची धून वाजविली. हातात तीच शेगडीच्या लाकडाची, आईच्या बटणांची गिटार होती. सुवर्णमहोत्सवास ती शोभून दिसली.

आमची गिटार कोठे वाजावयाची नाही; तिच्या चौथ्या पडद्यावर अजून थोडी खरखर आहे. मात्र एक सांगितले पाहिजे. अंगात दांडीची खाच पाडण्याच्या दिवशी फळी घट्ट धरावयास आम्हां दोघांचे हात पुरेनात. चिरंजीव कचेरीतून आले, बूट न काढता क्षणभर दारात उभे राहिले, आणि मग ‘अशी नव्हे, बाबा, उलटी धरा,’ असे म्हणून त्यांनी फळी माझ्या हातून घेतली. त्या रात्री जेवणे उशिरा झाली.

ज्या घरात सध्या गिटारवरून वाद चालू असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे : ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी माळ्यावर एखादी जुनी सागवानी फळी पडली आहे काय, ते पाहून यावे.